वर नेलेली गाय, खाली आणलेली शेळी

मागच्या अंकात लडाखमधल्या शेतीवर आणि पशुपालनावर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांची चौकशी एकाच दिशेची होती: तिकडचं इकडे आणता येईल का, नाहीतर इकडचं तिकडे नेता येईल का? उत्तरं एका पशुवैद्यकाने आणि एका कृषिशास्त्रज्ञाने मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : हवेत ऑक्सिजन सगळीकडे २१ टक्केच असतो, असं शाळेत शिकलो. मग उंचावर 'विरळ हवा' म्हणजे कमी काय होतं? (अकोले)

टक्केवारी तीच राहते, कमी होतो तो दाब. समुद्रसपाटीच्या तुलनेत तुमच्या कळसूबाईच्या माथ्यावर (१,६४६ मीटर) हवेचा दाब साधारण ८३ टक्के असतो, लेहला (सुमारे ३,५०० मीटर) ६५ टक्के आणि पूर्व लडाखमधल्या चांगथांगच्या पठारावर, ४,५०० मीटरवर, जेमतेम ५७ टक्के. एका श्वासात तेवढीच हवा आत घेतली तरी तिच्यातले ऑक्सिजनचे कण त्याच हिशेबाने घटतात. कळसूबाईवर दम लागतो तो चढणीमुळे. लेहला विमानातून उतरून नुसतं जिना चढलं तरी लागतो.

बाकीच्या गोष्टी याच्या जोडीने येतात. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात आणि पाणी कमी तापमानाला उकळतं. लेहला ते सुमारे ८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ कितीही वेळ ठेवली तरी ती मनासारखी गळत नाही.

प्रश्न : माझे मेव्हणे नोकरीनिमित्त लेहला असतात. तिथे ताज्या दुधाला चांगला भाव आहे म्हणतात. आपल्याकडच्या चार एचएफ (होल्स्टीन फ्रिझियन, भरपूर दूध देणारी विदेशी जात) गाई नेऊन गोठा टाकला तर चालेल का? (संगमनेर)

नेऊ नका. गाई पोहोचतील, सुरुवातीला खातील, दूधही देतील, म्हणूनच माणूस फसतो. तीन आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंतच्या काळात एखादी गाय कळपामागे रेंगाळायला लागते. कान पडतात, चारा सोडते, पातळ हगवण लागते. मानेतली शीर बोटाएवढी फुगून ठळक दिसते. मग मानेखालची पोळी, छातीचा पुढचा भाग आणि जबड्याखालची जागा सुजते. त्या सुजेवर अंगठा दाबून काढला की कणकेत उठावा तसा खड्डा राहतो. इंग्रजीत या आजाराला 'ब्रिस्केट डिसीज' म्हणतात, म्हणजे छातीच्या पुढच्या भागाचा आजार. अमेरिकेतल्या कोलोराडोच्या डोंगराळ कुरणांवरच्या गुरांमध्ये त्याचं वर्णन १९१५ मध्येच झालं होतं.

नाव छातीचं असलं तरी मूळ फुप्फुसात आहे. फुप्फुसाच्या एखाद्या भागात ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या बारीक धमन्या आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. सखल प्रदेशात ही सोय उपयोगाची आहे. उंचावर मात्र अख्ख्या फुप्फुसालाच ऑक्सिजन कमी, त्यामुळे सगळ्याच धमन्या आकसतात. त्यात गाईच्या या धमन्यांची भिंत मुळात जाड, स्नायूंनी भरलेली. शिवाय तिच्या फुप्फुसाचे कप्पे एकमेकांपासून इतके बंद असतात की एका कप्प्यातली हवा शेजारच्याला मिळत नाही. आकसलेल्या नळ्यांतून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू आधी जाड होते, मग ताणून सैल पडते, आणि मागे तुंबलेल्या रक्तातलं पाणी कातडीखाली, पोटात, छातीत झिरपतं.

यावर खरा इलाज एकच, जनावर खाली उतरवणं. तेही न पळवता, न बिथरवता, कारण धावपळीनेही अशी गाय कोसळते. लघवी वाढवणारं औषध, ऑक्सिजन, छातीतलं पाणी काढणं या गोष्टी पशुवैद्य करतात, पण त्या वाट सोपी करण्यापुरत्याच. बरी झालेली गाय पुन्हा वर न्यायची नाही आणि तिचं वासरू पैदाशीला ठेवायचं नाही, कारण ही प्रवृत्ती आनुवंशिक असते. तिथे जन्मलेलं वासरू आपोआप सुरक्षित असतं, हाही गैरसमज आहे.

कोलोराडो आणि वायोमिंगचे पशुपालक पैदाशीचा वळू घेण्याआधी त्याच्या फुप्फुस-धमनीतला दाब मोजून घेतात. १,५०० मीटरच्या वर किमान तीन-चार आठवडे राहिलेल्या वळूच्या मानेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयामार्गे धमनीपर्यंत सरकवतात. दाब पाऱ्याच्या ४१ मिलिमीटरच्या आत असेल तर धोका कमी, पन्नाशीला पोहोचला तर तो वळू उंच कुरणावर जात नाही.

मेव्हण्यांना गोठा करायचाच असेल तर तिथेच वाढलेल्या, लडाखी आणि जर्सीच्या संकरातल्या मध्यम बांध्याच्या गाई घ्याव्यात. दूध एचएफच्या तुलनेत कमी, पण जनावर टिकतं. आणि गाईंच्या आधी चाऱ्याचा हिशेब मांडा. ४०० किलोच्या गाईला रोज साधारण ११ किलो सुका चारा धरला तर सहा महिन्यांच्या हिवाळ्याला एका गाईमागे जवळपास दोन टन लागतो. तो सप्टेंबरअखेर छपरावर रचून झालेला हवा.

एक सूचना आपल्या इकडच्यांसाठी. अशीच पोळी सुजलेली गाय संगमनेरात दिसली तर उंचीचा विचारही मनात आणू नका. चाऱ्यातून गेलेली तार किंवा खिळा जाळीतून (पोटाच्या दुसऱ्या कप्प्यातून) हृदयाच्या आवरणात घुसला की नेमकी हीच सूज येते.

प्रश्न : याकला मग हा आजार का होत नाही? आणि महाबळेश्वरला पर्यटकांसाठी एक-दोन याक ठेवता येतील का? (वाई)

याकच्या फुप्फुस-धमन्यांची भिंत पातळ आहे, तिच्यात स्नायू नावाला. ऑक्सिजन कमी झाला तरी त्या फारशा आकसत नाहीत, त्यामुळे हृदयावर ताण येत नाही. शिवाय अंगाच्या मानाने हृदय आणि फुप्फुसं मोठी. छातीचा पिंजराही प्रशस्त: गाईला बरगड्यांच्या १३ जोड्या, याकला १४, काहींना १५. जीभ खरखरीत, त्यामुळे बोटभरही न वाढलेलं गवत तो चाटून उपटतो.

महाबळेश्वरचा बेत सोडून द्या. जो लोकरीचा थर याकला उणे तीस-चाळीस अंशांत तगवतो, तोच उन्हाळ्यात त्याला शिजवतो. याकला घाम जवळजवळ येतच नाही. पारा १५ अंशांच्या आसपास गेला की श्वास वाढायला लागतो, विशीच्या पुढे तो चरणं सोडून सावली आणि पाणी शोधतो. महाबळेश्वरचा मे महिना तिशीच्या घरातला, आणि मग चार महिने धो धो पाऊस. ओल्या लोकरीतल्या जनावराला तिथे गोचीड, जंत आणि खुरांचे आजार यांतून सुटका नाही.

लडाखी शेतकऱ्याने यावर काढलेला तोडगा म्हणजे संकर. याक आणि गाय यांचा नर तो झो, मादी ती झोमो. झो गावाच्या उंचीवर, ३,००० ते ३,५०० मीटरवर, नांगराला उत्तम चालतो. झोमो मादी याकपेक्षा बरंच जास्त दूध देते. पण झो वांझ असतो. त्यामुळे दर पिढीला नवा संकर करावा लागतो आणि त्यासाठी वरच्या कुरणावर याक आणि खालच्या गावात गाई, दोन्ही सांभाळावे लागतात. वर राहणारे तरुण शहराकडे गेले की झोची पैदासही थांबते. याकवर काम करणारी आपली राष्ट्रीय संस्था अरुणाचल प्रदेशात दिरांगला आहे. प्रश्न पैदाशीचा असेल तर तिथे विचारा.

प्रश्न : उस्मानाबादी शेळ्यांचा अनुभव आहे. पश्मिना शेळ्या वातानुकूलित शेडमध्ये पाळल्या तर लोकर मिळेल का? (धाराशिव)

थोडी मिळेल, विजेचं बिल भागणार नाही इतकी. पश्मिना थंडीमुळे येतो असं वाटतं, पण मऊ लोकरीचं वेळापत्रक मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालतं. जून सरून दिवस लहान व्हायला लागला की जाड केसांखालचा मऊ थर वाढू लागतो आणि वसंतात दिवस मोठा होताना गळतो. लेहला सर्वांत मोठा दिवस जवळपास साडेचौदा तासांचा आणि सर्वांत लहान दहा तासांहून किंचित कमी. तुमच्याकडे हा फरक दोन तासांच्या आसपासच. शेड गार करता येईल. त्यात दिवसही लहानमोठा करायचा म्हटलं तर खिडक्या बंद करून दिव्यांवर शेळ्या पाळाव्या लागतील.

उत्पन्नाचं गणितही पाहा. एका चांगथांगी शेळीकडून वर्षाला सरासरी २०० ते २५० ग्रॅम कच्चा पश्मिना निघतो. जाड केस आणि कोंडा काढल्यावर त्यातला निम्म्याहून कमी उरतो. तंतूची जाडी १२ ते १५ मायक्रॉन, माणसाच्या केसाच्या सुमारे एक पंचमांश. भरपूर खुराक दिला तर तंतू जाड होत जातो, म्हणजे शेळी गुटगुटीत आणि माल हलका.

तो काढण्याची रीत सांगण्यासारखी आहे. शेळी कातरत नाहीत, विंचरतात. तिला कुशीवर आडवी करून पाय बांधतात. आधी रुंद दातांची फणी फिरवून खडे, काटे, लेंड्या झाडतात, मग वाकड्या टोकाच्या दातांची लोखंडी फणी मानेपासून मागे, केसांच्या दिशेने ओढतात. फणीवर राखाडी धुक्यासारखा पुंजका जमत जातो. कातडी ओरबाडली तर जखम चिघळते. वेळ साधणं सर्वांत महत्त्वाचं. मेअखेरच्या आधी विंचरलं आणि एक बर्फाळ रात्र आली तर शेळीला न्यूमोनिया होतो. जुलै ओलांडला तर तुमचा पश्मिना झुडपांना लटकलेला दिसतो.

या शेळ्या थंडीने सहसा मरत नाहीत, उपासमारीने मरतात. २०१२-१३ च्या हिवाळ्यात चांगथांगात अवेळी दाट बर्फ साचला, खालचं गवत गाडलं गेलं आणि हजारो शेळ्या-करडं गेली. पोट रिकामं असेल तर अंगावरची लोकर ऊब देऊ शकत नाही, कारण राखायला मुळात उष्णता तयारच होत नाही.

प्रश्न : हिमाचलात ३,००० मीटरच्या वर छोटी हॅचरी आहे. पुण्याहून नेलेल्या अंड्यांतून निम्मी पिल्लंही निघत नाहीत. तापमान बरोबर आहे. (मूळचे बारामतीचे वाचक)

अंडी दोन बाजूंनी मार खातात. दाब कमी असल्याने कवचाच्या छिद्रांतून वाफ लवकर बाहेर पडते. लेहच्या उंचीवर सुमारे दीडपट. पिल्लू वाळतं, पातळ पडद्याला चिकटतं आणि चोच मारूनही बाहेर येत नाही. दुसरीकडे आत जाणारा ऑक्सिजनही कमी.

वजनावरून निदान करा. भरताना ३० अंड्यांचा ट्रे १,८०० ग्रॅम असेल तर १८ व्या दिवशी तो सुमारे १,५८५ ग्रॅम हवा, म्हणजे जवळपास १२ टक्के घट. काटा १,५०० दाखवत असेल तर अंडी वाळताहेत. आर्द्रता ५०-५५ टक्क्यांवरून ६०-६५ पर्यंत न्या, पाण्याचे ट्रे वाढवा. इथे एक चूक हमखास होते: ओल टिकावी म्हणून हवेची झडप बंद करतात. मग वजन बरोबर येतं आणि पिल्लं कवचातच गुदमरतात. झडप उघडीच ठेवून ओल वाढवायची. शेवटच्या आठवड्यात शक्य असेल तर मशीनमध्ये थोडा ऑक्सिजन सोडायचा. खरा उपाय म्हणजे वरच्याच कोंबड्यांची अंडी. उंचावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कोंबड्यांच्या कवचातून वाफ कमी सुटते.

ब्रॉयलर वर नेत असाल तर जलोदराची तयारी ठेवा. पोटात पाणी होण्याचं कारण गाईच्या आजारासारखंच, हृदयाची उजवी बाजू थकणं. आपल्याकडेही थंडीत पडदे घट्ट बांधून आत ब्रूडर पेटवला की हाच रोग दिसतो. पहिले तीन आठवडे वाढ मुद्दाम मंद ठेवा: पेलेटऐवजी (दाणेदार खाद्याऐवजी) मॅश (भरडलेलं खाद्य) द्या, सातव्या दिवसापासून खाद्याचे तास कमी करा आणि पडद्याची वरची वीतभर फट कधीही बंद करू नका.

प्रश्न : हिमाचलातल्या लाहौलमध्ये ट्रेकिंगला गेलो असताना शेतकरी बर्फावर माती टाकताना दिसले. ही काही पूजा आहे का? (ठाणे)

शुद्ध शेतीकाम आहे. ताजा बर्फ ऊन ८०-९० टक्के परतवतो. त्यावर माती किंवा राख भुरभुरली की काळा पृष्ठभाग ऊन शोषतो आणि बर्फ लवकर वितळतो. अख्खा हंगाम चार-साडेचार महिन्यांचा, तिथे आठवडाभर आधी मिळालेलं शेतही मोलाचं. माती शरद ऋतूतच घरात किंवा आडोशाला साठवावी लागते, कारण वसंतात जमीन दगडासारखी गोठलेली असते. थर पातळ हवा, हाताने बी फेकावं तसा. दोन-तीन सेंटिमीटर जाड झाला तर तीच माती गोधडी होते आणि खालचा बर्फ टिकून राहतो.

त्या शेतात पेरतात ते मुख्यतः सातू, लडाखीत 'नस'. हा बिनसालीचा सातू. मळणीतच टरफल सुटतं. भाजून दळलं की झालं सत्तूचं पीठ, म्हणजे इंधन वाचलं. लेहच्या आसपास एप्रिलअखेर ते मेमध्ये पेरणी, ऑगस्टअखेरपासून काढणी. ३,००० मीटरच्या खालच्या गावांत सातवानंतर कुट्टू किंवा सलगमचं दुसरं पीक निघतं. वर त्सो मोरिरीच्या काठी कोरझोकला, सुमारे ४,५०० मीटरवर, एकच पीक, तेही नशिबाचं. सातू सगळ्यांत नाजूक असतो तो ओंबी बाहेर पडताना आणि फुलोऱ्यात. त्या रात्री पारा शून्याखाली उतरला की परागकण मरतात, ओंबी दिसायला छान पण चिमटीत दाबली तर पोकळ. अशा वेळी वाट न बघता हिरवं पीक चाऱ्याला कापलं तर निदान हिवाळ्यात जनावरं तगतात.

खताची गोष्ट अनेकांना अवघड वाटते, पण तिथल्या शेतीचा पाया तीच आहे. झाडं नसल्याने शेण चुलीत जातं. मग शेताला काय? लडाखी घराचं कोरडं शौचालय, 'छाग्रा', दुमजली असतं. वर वापर, खाली साठवण. प्रत्येक वापरानंतर फावडंभर माती आणि राख ढकलायची. वर्षभराने खालून निघणारा माल सुका, भुसभुशीत आणि जवळजवळ निर्गंध असतो, तो शेतात जातो. हॉटेलांतून फ्लशचे संडास आले तसं हे खतही गेलं आणि पाणीही. लेहला वर्षाचा पाऊस सुमारे १०० मिलिमीटर, त्यामुळे सिंचन सगळं वितळलेल्या बर्फाचं. पाण्याची पाळी ठरवणारा 'चुरपोन' गाव निवडतं.

खरी अडचण वेळेची असते. पेरणीला पाणी एप्रिल-मेमध्ये हवं आणि वरच्या हिमनद्या सुटतात जूनमध्ये. हे मधले आठवडे भरून काढायला लडाखी अभियंता चेवांग नोरफेल यांनी १९८७ पासून गावाच्या वर, सावलीच्या उतारावर, हिवाळ्यातलं वाया जाणारं पाणी अडवून गोठवायला सुरुवात केली. सोनम वांगचुक यांच्या बर्फस्तूपात तेच पाणी वरून नळाने आणून कारंज्यासारखं उडवतात आणि ते शंकूच्या आकारात गोठतं. शंकूला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी, म्हणून तो उशिरा वितळतो. नळात रात्री पाणी थांबलं की नळच गोठून फुटतो, त्यामुळे प्रवाह अखंड ठेवणं किंवा नळ पूर्ण रिकामा करणं भाग असतं.

प्रश्न : तिथे हिवाळ्यात भाजी कशी पिकवतात? (कोल्हापूर)

जमिनीत खड्डा करून. ३० फूट लांब, १० फूट रुंद, ३ फूट खोल चर, लांबी पूर्व-पश्चिम, वर लाकडी दांड्या आणि अतिनील किरणांना टिकणारा २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद. दिवसा ऊन आत जातं, बाजूची माती ते साठवते; संध्याकाळी ऊन उतरताच वरून ताडपत्री किंवा जुनी घोंगडी. पालक, मेथी, कोथिंबीर निघते. नुकसान बहुधा थंडीने नाही तर दुपारच्या उकाड्याने होतं: कागद तासभरही उघडला नाही तर आत तिशी पार होते, पाणी टपकतं आणि रोपं मर रोगाने आडवी पडतात. पाणी दुपारीच, थोडं, कोमट. बर्फ पडला की सकाळी आधी कागद झाडायचा.

प्रश्न : लाहौलचं बटाटा बेणं चांगलं का मानतात? (मंचर)

विषाणू पसरवणारा मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) तिथल्या थंडीत फार कमी, म्हणून. बेण्याच्या प्लॉटमध्ये १०० संयुक्त पानांवर मावा २० च्या वर गेला की पाला कापायचा, हा नियम सपाटीवर डिसेंबर-जानेवारीत गाठावा लागतो. वर ती वेळ उशिरा येते किंवा येतच नाही. पण सप्टेंबर-ऑक्टोबरला काढलेलं डोंगरी बेणं लगेच रब्बीला लावू नका. त्याची सुप्तावस्था आठ-दहा आठवड्यांची असते. डोळे फुगून कोंब दिसेपर्यंत सावलीत, पसरट उजेडात ठेवा. कोंब नसताना कापलेल्या फोडी जमिनीत कुजतात.

प्रश्न : उजनीला येणारे पट्टकादंब एव्हरेस्टवरून उडून येतात, हे खरं का? (इंदापूर)

अर्धं खरं. ते लडाखच्या त्सो मोरिरी आणि त्सो कारसारख्या सरोवरांवर, तिबेटात आणि मंगोलियात वीण करतात, हिमालय ओलांडून थंडीत उजनी-जायकवाडीला उतरतात. उपग्रह-यंत्र बांधलेल्या एका पक्ष्याची ७,२९० मीटर उंची नोंदली गेली आहे. मात्र बहुतेक वेळ ते त्याच्या बऱ्याच खाली, खिंडी आणि दऱ्या धरून, जमिनीच्या चढउताराबरोबर वरखाली होत उडतात. उंची टिकवून सरळ जाण्यापेक्षा खाली येऊन दाट हवा पकडणं त्यांना स्वस्त पडतं. प्रवास बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे, हवा गार आणि घट्ट असताना.

शरीराचीही तयारी आहे. त्यांच्या हिमोग्लोबिनच्या (रक्तातल्या ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाच्या) अल्फा साखळीत ११९ व्या जागी प्रोलीन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅलानीन आहे. एवढ्या एका बदलाने ते ऑक्सिजनला जास्त घट्ट धरतं. फुप्फुसं मोठी, श्वास खोल, आणि उडण्याच्या स्नायूंत केशवाहिन्या दाट. याकसारखं त्यांचं मैदानात बिघडत नाही, कारण ते आपल्याकडे येतात ते थंडीतच आणि मार्चमध्ये उकाडा वाढू लागला की निघतात.

ओळखायला पांढऱ्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे पाहा. नोव्हेंबरनंतर सकाळी लवकर पाणथळ काठावर जा. रात्री ते आजूबाजूच्या हरभऱ्या-गव्हाच्या कोवळ्या रानात चरायला जातात, त्यामुळे थवा उजाडताना शेतांकडून पाण्याकडे येताना दिसतो.